बातमीत मी नव्हतो

"कप धुऊन वळचणीला ठेवा," पडवीतून यजमान म्हणाले. आवाज अगदी गोड.

कान तुटलेला तो कप बाहेरच्यांसाठीचा. नुकताच त्यातून भागीरथीआत्या चहा प्यायली होती. ती त्यांच्याकडे भात कांडायला यायची; नात्यातली नव्हे, आमच्याच जातीची म्हणून आत्या. तिनं तो धुतला, मग त्यातच मला चहा ओतला गेला. वरून, हात न लावता.

मी महाडच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. पोलादपूरच्या वरच्या अंगाला गावकरी श्रमदानानं रस्ता करत होते, तो पाहायला डोंगर चढून आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आडनाव विचारेपर्यंत 'या, बसा' चाललं होतं. आडनाव सांगितलं आणि पडवीतून अंगणात आलो.

कप धुतला. लाज वाटली, संतापही आला. पण हात धूतच राहिले.

बातमी मात्र झणझणीत लिहिली. रस्त्याचं कौतुक, आणि त्याच गावात एका मजूर बाईला वेगळा कप, तोही तिनंच धुवायचा. तिचं नाव, गावाचं नाव. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. बातमीदारानं बातमीत यायचं नसतं, हा नियम त्या दिवशी मला फार सोयीचा पडला. संपादकांनी पाठ थोपटली. मी फुगलो.

पुढं काही दिवसांनी ती महाडच्या स्टँडवर दिसली. बोचकं घेऊन मुंबईला, मुलाकडे निघालेली. गावानं तिचं काम बंद केलं होतं.

"मालकान पडवीतून वाचून दाखवलान मला," ती म्हणाली. "खोटं काय नाय त्यात. पण कप तर दोगांनी धुवला ना रे? मग पेपरात मी एकटीच कशी?"

एस.टी. आली, ती गेली. यजमानांनी मला अंगणात बसवलं होतं. तिला मी चव्हाट्यावर बसवलं.

खोलीवर येऊन सगळं पुन्हा लिहिलं. माझं नाव, माझी जात, माझे धुणारे हात. संपादकांनी वाचलं.

"हे 'मी' काढा. छापतो."

"नाही काढणार."

"मग नोकरी?"

"ती ठेवा तुमच्याकडे."

नंतर गावोगाव हिंडलो, कादंबऱ्या लिहिल्या. लोक लेखनाचं मर्म विचारतात. मर्म कसलं? अपराधीपण आहे, ते अजून जात नाही. जाऊही नये. दुसऱ्याचा अपमान उघडा करायचा तर आधी माझा. ज्या पानात मला लपायला जागा राहील, ते पान मी फाडणार.