दाजी, टर्बो आणि राहून गेलेले ब्रेक

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. जीपवर क्लीनर होतो तिथून इथवर आलो, तेही कुणाच्या मदतीशिवाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण फाट्यावरच्या माणसाला स्पोर्ट्स कार कशाला पाहिजे, असं विचारणारे पुष्कळ भेटलेत. पाहिजे होती, घेतली. जुनी, दोन दारांची, टर्बो इंजिनाची. हैदराबादेहून आणली तेव्हा मागच्या सीटवर उंदरानं घर केलं होतं. तेवढ्यावरून मी भाव पाडला.

ती मला ट्रॅक डेला न्यायची होती. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. नोंदणी करायची आणि आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर दिवसभर पाळीपाळीनं हवी तेवढी पळवायची. समोरून ट्रक नाही, मधे म्हैस नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत असा एक अख्खा दिवस मला पाहिजे होता, आणि शेजारच्या सीटवर दाजी पाहिजे होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, सेनगावचे. जवळा बाजारात बैलांचे सौदे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बाजार उरकला की ते एसटीनं फाट्यावर उतरायचे. दुकानामागं पत्र्याखाली गाडी उभी असायची. तिच्याभोवती ते बैलाभोवती फिरावं तसे फिरायचे. चहा यायचा, मग आमची चर्चा.

"हिला पळायला काय कमी हाय?"

"पळायला काही कमी न्हाई दाजी. थांबायला कमी हाय."

मी समजावून सांगायचो. रस्त्यावर जोराचा ब्रेक कधीतरी लागतो, ट्रॅकवर दर वळणाला लागतो. डिस्क तापून लाल होते, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल पोकळ होतं. म्हणून आधी चांगले पॅड, डिस्क आणि उकळी न फुटणारं ऑइल. मग टायर. मग इंजिन ऑइलचा कूलर. ताकद सगळ्यात शेवटी.

"म्हंजे बैलाच्या आधी येसण घेऊन राहिला तू," दाजी म्हणायचे.

"बैल हाय की हा उभा!"

"ह्याला बैल म्हनतो व्हय? गोऱ्हं हाय हे."

सोयाबीनची पोती घेऊन ट्रॅक्टर फाट्यावरून जात असायचे, धुरळा गाडीच्या काचेवर बसायचा, दाजी तो धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि काचेवर ओरखडे पडतात म्हणून मी ओरडायचो. असा सगळा हिवाळा गेला. गाडीचा एक नटसुद्धा बदलला नव्हता, तरी माझ्या आठवणीत गाडीचे सगळ्यात चांगले दिवस तेच.

मग ब्रेक घ्यायला आम्ही पुण्याला गेलो, रेसच्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, "कुठून आलात?"

"हिंगोलीहून."

"अच्छा. मग मोठ्या आवाजाचं सायलेन्सर दाखवू का?"

तो ज्या तऱ्हेनं हसला, ते मी आजही विसरलेलो नाही. तिथंच ठरवलं, ह्याला पिळायचा.

बैलबाजारात पाहिजे त्या बैलाकडं बघायचं नसतं. दुसऱ्याच बैलाचे दात बघायचे, त्याच्यावर घासाघीस करायची, विकणारा थकला की तो बैल सोडून द्यायचा, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून विकणारा आपल्याला पाहिजे तो बैल स्वस्तात देतो, तो घ्यायचा. हे मला दाजींनीच शिकवलेलं. म्हणून मी ब्रेककडं पाहिलंच नाही. काउंटरवरचा मोठा, इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो हातात घेतला, नावं ठेवली, आणि ऐकून कुणीही दुकानाबाहेर काढील असा भाव सांगितला.

दुकानदारानं टर्बो माझ्या हातातून काढून परत काउंटरवर ठेवला. तेवढ्यात दाजींचा हात सवयीनं पुढं गेला. बाजारात दोघं अडले की दलाल असाच तळवा पुढं करतो आणि ज्याला सौदा मान्य तो त्यावर टाळी देतो. पुण्याच्या माणसाला हे कुठून ठाऊक, पण त्यानं टाळी दिली.

"घेऊन जा. कधीचा पडून होता."

मी दाजींना बाजूला घेतलं. "चला, निघू. आपल्याला हा नकोच होता."

"टाळी झाली."

"दाजी, पुण्यात टाळीला कोन विचारतं?"

"मी विचारतो. उद्या बाजारात कोन्या तोंडानं हात पुढं करू?"

टर्बो घ्यावा लागला. तो बसवायचा म्हणजे त्याची हवा थंड करणारा इंटरकूलरही मोठा आणि इंजिनचं सेटिंग नव्यानं. ब्रेकसाठी ठेवलेलं सगळं त्यात गेलं. गाडी जुन्याच ब्रेकवर ट्रॅकला पोचली.

सकाळची पहिली पाळी. सरळ रस्त्यावर तिनं जी झेप घेतली! दाजींच्या डोक्यावर हेल्मेट वाकडं, मिशा बाहेर, आणि ते "हुर्रर्र, हुर्रर्र" करून गाडीलाच हाकत होते. एवढं हसलेले दाजी मी माझ्या बहिणीच्या लग्नातही पाहिले नव्हते. दुसऱ्या पाळीत एका वळणाला ब्रेकचं पेडल थेट तळाला टेकलं. आम्ही ट्रॅकबाहेरच्या खडीत जाऊन रुतलो.

"ब्रेकचं काम केल्याशिवाय परत सोडणार नाही," तिथल्या माणसानं सांगितलं. अजून दुपारही झाली नव्हती. पुढं संध्याकाळपर्यंत आम्ही कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या. मी तोंडाला येईल ते बोललो. दाजी भाकरी मोडून माझ्यापुढं सरकवत राहिले.

यंदा ब्रेक बसवले, अगदी पाहिजे होते तेच. पण दाजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी धक्क्याचा प्रवास बंद केलाय, ट्रॅक तर दूरच. दिवाळीनंतर गाडी घेऊन सेनगावला गेलो. दाजी काठी टेकत आले, शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालू कर." अंगणातच इंजिन चालू केलं. मी थोडा जोर दिला, टर्बोची शीळ आली. दाजींनी डोळे मिटले.

"काही म्हन, पर सौदा चांगला झाला व्हता."

माझं डोकं सणकलं, मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. "चांगला? आख्खा दिवस घालवला तुमी माझा!"

"आर्धा," दाजी म्हणाले. "बंद काहून केलं? राहू दे चालू."

मी परत चालू केलं.