अण्णांचं काळं पान

"तिला आजच काढायची," अण्णा म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावा काढून द्या."

मी अजून बॅगही खाली ठेवली नव्हती. अण्णा केबिनमध्ये उभे होते. समोर चांगली गुबगुबीत खुर्ची मोकळी, आणि हा माणूस टेबलाला हात टेकून उभा. मला वाटलं, रागानं उभे असतील.

"कोणाला काढायची?"

"महादेवीला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरते ती. मी काय बघतो ते सगळं बघते, आणि जाऊन त्या पॅकिंगच्या बायकांना सांगते. बायकांच्या पोटात काय राहतंय का?"

मग समोर उभी आहे तीही बाईच, हे त्यांच्या लक्षात आलं. "तुमचं तसं न्हाय, वंदनाताई," म्हणाले. मी ते सोडून दिलं. धंद्यात बरंच सोडून द्यावं लागतं.

मी सोलापुरात कॉम्प्युटरची एएमसी घेते. एएमसी म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार. कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफाय, काहीही रुसलं की फोन येतो आणि मी स्कूटीला किक मारते. एकवीस वर्षं हेच करतेय. दवाखाने झाले, वकील झाले, शाळा झाल्या. निम्म्या वेळा बिघाड मशीनमध्ये असतो, निम्म्या वेळा मशीनसमोर बसलेल्या माणसात.

अण्णांचा कारखाना एमआयडीसीत. शेंगा चटणी आणि कडक भाकरी. मूळचे दुधनीचे, त्यामुळे घरात कन्नड, धंद्यात मराठी, आणि संतापले की दोन्ही एकदम. चटणीच्या पाकिटावर त्यांचाच फोटो आहे. हातात भाकरी, भाकरीवर चटणीचा लालभडक ढीग, मिशांना पीळ, आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'मी रोज खातो!' या तीन शब्दांवर चटणी पुण्यापर्यंत पोचली होती.

कारखान्यात तीन कॉम्प्युटर. एक अण्णांच्या केबिनमध्ये. दुसरा बाहेर महादेवीच्या टेबलावर, ती ऑर्डरी घेते. तिसरा पॅकिंगच्या खोलीत, लेबलं छापायला. महादेवी तिथं सहा वर्षं होती. रोज मोहोळहून एसटीनं यायची. घरी आई आणि शिकणारा भाऊ, कमावणारी ही एकटी. म्हणून मी बॅग ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, आधी काय झालं ते नीट सांगा. मग काढा कोणाला काढायचं ते."

"काल पुण्याची पार्टी आली होती. नवीन लेबल दाखवायला मी त्यांना महादेवीच्या टेबलाशी नेलं. तर तिच्या स्क्रीनवर, बाजूला, एक जाहिरात आली."

"कसली?"

"एक वस्तू होती."

"कसली वस्तू?"

"ते महत्त्वाचं न्हाय! महत्त्वाचं काय, तीच वस्तू मी सकाळी हितं बघितली होती. केबिनचं दार लावून. मग ती दुपारी तिच्या टेबलावर कशी गेली? सांगा की!"

जाहिराती माणसाच्या मागे लागतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सर बघितला की आठ दिवस मिक्सर पिच्छा सोडत नाही. पण त्या मागे लागतात त्या माणसाच्या. अण्णांच्या मिक्सरनं महादेवीच्या मागे का लागावं?

"आणि ते ताक," अण्णा म्हणाले.

"कसलं ताक?"

"पंधरा दिवस झाले. मी चहा मागवला की ही ताक पाठवते. मुद्दाम! डिवचते मला. परवा त्या पॅकिंगच्या नरसम्मानं डब्यातून सुरणाची भाजी पाठवली. सुरणाची! आणि सोमवारी माल बघून केबिनमध्ये परत येतो तर खुर्चीवर..."

मी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर एक उशी होती. गोल, मधे भोक असलेली, वर स्वच्छ टॉवेलचं कव्हर शिवलेलं. मग मी उभ्या असलेल्या अण्णांकडे बघितलं. काहीतरी डोक्यात आलं, पण ते मी तोंडावर येऊ दिलं नाही.

"अण्णा, तुम्ही इंटरनेटवर बघता कसं? म्हणजे उघडता कसं?"

अण्णांचा आवाज खाली आला. "काळं पान उघडून. पुतण्यानं शिकवलंय. त्यात बघितलं की कुणालाच कळत न्हाय म्हणाला."

काळं पान म्हणजे इनकॉग्निटो विंडो. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो तो प्रोग्राम. त्यात एक वेगळी काळी खिडकी उघडता येते. त्यात जे बघाल त्याची नोंद त्या कॉम्प्युटरवर राहत नाही. बस, एवढंच. लोकांना वाटतं आपण अदृश्य झालो. तसं काही नसतं. ज्या साइटवर गेलात तिला कळतं, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळू शकतं. पण शेजारच्या टेबलाला कळायचं काही कारण नव्हतं. मला कोडं पडलं.

मी आधी महादेवीकडे गेले. ती रडून बसली होती. डोळे लाल आणि समोर ऑर्डरीचा कागद.

"काल काय जाहिरात आली गं तुझ्या स्क्रीनवर?"

"मी नाही सांगणार, ताई."

"अगं, नोकरी जातेय तुझी!"

"जाऊ दे. पण ते माझ्या तोंडून नको. अण्णांनाच विचारा."

"अण्णा सांगत नाहीत."

"मग मी तरी कशी सांगू?" ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

घ्या! एक सांगत नाही म्हणून दुसरी सांगत नाही. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय, पण कुठं ते विचारू नका' म्हणणाऱ्या पेशंटसारखी गत. मी परत केबिनमध्ये आले आणि कॉम्प्युटरची आतली नोंदवही उघडली. मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, सगळं त्यात असतं. महिनाभरात अण्णा नसताना ते एकदाही चालू झालेलं नव्हतं. केबिनची किल्लीही अण्णांच्याच कनवटीला. महादेवी या कॉम्प्युटरमध्ये शिरलीच नव्हती.

"अण्णा, काळं पान उघडून दाखवा. रोज करता तस्संच करा."

अण्णांनी उभ्या उभ्याच माउस धरला. काळी खिडकी उघडली. आणि मग, शांतपणे, एकेक अक्षर शोधत, त्यांनी त्यात कंपनीचा ईमेल टाकला, पासवर्ड टाकला आणि लॉगिन केलं.

"हे काय केलंत?"

"लॉगिन."

"काळ्या पानात?"

"मग? बिगर लॉगिनचं कसं बघायचं? आपण काय चोर हाय?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे तोंडाला रुमाल बांधून, गॉगल लावून, कोणी ओळखू नये म्हणून मागच्या गल्लीनं दुकानात जायचं, आणि आत गेल्यावर वहीत नाव, गाव, फोन नंबर लिहून सही करायची! लॉगिन केलं की जे शोधाल ते त्या अकाउंटच्या नावानं जमा होतं, पान काळं असो नाहीतर गुलाबी.

"अण्णा, आता या अकाउंटची यादी उघडावी लागेल. त्यात तुम्ही काय काय शोधलं ते सगळं दिसेल. मला दिसेल."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही डोळे झाकून बघा."

"बरं," म्हटलं, आणि उघडलं. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

यादी लांबलचक होती, आठ महिन्यांपूर्वीपासूनची. 'मूळव्याध घरगुती उपाय.' ताक आणि सुरण त्यातलेच. 'मूळव्याध तिखट चालते का.' 'थोडे तिखट चालते का.' 'शेंगा चटणी चालते का.' मग 'मूळव्याध ऑपरेशन पुणे कोणाला न कळता.' मग गोल उशा, चार प्रकारच्या; कालची जाहिरात त्यांचीच. आणि या सगळ्याच्या मधे, एकदाच, 'चटणी न खाता चव कशी ओळखावी.'

ते वाचून मला हसू आलं नाही. हा माणूस रोज कांडप यंत्राशी उभा राहून चिमूटभर चटणी जिभेवर ठेवायचा आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचा. आठ महिने त्यानं ती तोंडात घातली नव्हती, आणि पाकिटावर मात्र रोज खात होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई," भिंतीकडे बघत अण्णा म्हणाले. "ही बातमी बाहेर गेली तर पाकीट कोण घेणार? म्हणतील, बघा, चटणीवाल्यालाच झाली!"

आता एकच प्रश्न उरला होता. हे महादेवीच्या कॉम्प्युटरवर गेलं कसं? मी बाहेर गेले, तिच्या मशीनवर सर्चच्या चौकोनात नुसतं क्लिक केलं. खाली जुन्या शोधांची यादी आपोआप उघडली. पहिलं नाव: मूळव्याध. पॅकिंगच्या खोलीत गेले, तिथंही तेच. तिन्ही मशीनवर एकच अकाउंट होतं. त्यामुळे अण्णा केबिनमध्ये दार लावून जे विचारायचे, ते बाहेर दोन ठिकाणी हजर व्हायचं.

आणि हे एकच अकाउंट तिन्ही मशीनवर टाकलं होतं कोणी?

मी. आठ वर्षांपूर्वी. ऑर्डरीचे मेल सगळीकडे दिसावेत म्हणून. "एकच पासवर्ड ठेवा, लक्षात राहतो," असं अण्णाच म्हणाले होते, हे खरं. पण तेव्हाच 'नको' म्हणणं हे माझं काम होतं, आणि मी चहा पिऊन निघून गेले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

खरं सांगते, मनात आलं की 'व्हायरस होता, काढला' म्हणावं. आमच्या धंद्यातलं हे रामबाण वाक्य. कोणी पुढं विचारत नाही. पण अण्णांनी लगेच विचारलं असतं, व्हायरस आणला कोणी? आणि उत्तरही त्यांनीच दिलं असतं. बाहेर ती पोरगी डोळे पुसत बसली होती. मला माझीच लाज वाटली.

"अण्णा, महादेवीनं काही केलेलं नाही. चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

अण्णा बोटं मोजत म्हणाले, "म्हणजे महादेवीला दिसलं."

"हो."

"पॅकिंगमध्ये पण."

"हो."

"नरसम्माला वाचता येतं?"

"मोबाईल दिवसभर हातात असतो तिच्या. येणारच की."

"अय्यो, शिवा!" म्हणत अण्णा मटकन खुर्चीत बसले. बसले ते त्या गोल उशीवर. आणि मग उठले नाहीत. बरं वाटलं असावं.

पुढचं काम तासाभराचं. तिन्ही मशीनला वेगळी अकाउंट दिली. ऑर्डरीचा मेल तेवढा सगळीकडे ठेवला. जुनी यादी पुसली, नवीन साठणं बंद केलं, माग काढणाऱ्या जाहिरातींचं सेटिंग बंद केलं. अण्णांकडून दहा वेळा घोकून घेतलं: काळं पान उघडल्यावर लॉगिन नाही. "चोरासारखं वाटतं," ते म्हणाले. "वाटू दे," म्हटलं.

"सगळं पुसलं ना?"

"मशीनमधलं पुसलं. माणसांच्या डोक्यातलं मला पुसता येत नाही."

अण्णांनी महादेवीला आत बोलावलं. ती दारातच उभी राहिली. नोकरी गेली असं धरूनच आली होती. पर्स खांद्याला होती.

अण्णांनी घसा साफ केला. "ते ताक कशासाठी पाठवत होतीस?"

महादेवीनं माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, त्या उशीकडे अजिबात बघितलं नाही.

"उन्हाळा आहे ना, अण्णा. म्हणून."

जानेवारी चालू होता. अण्णांच्या अंगात स्वेटर होता. आपोआप त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि परत आली.

"हां," ते म्हणाले. "लई ऊन हाय यंदा. पाठवत जा. आणि ती पर्स ठेव टेबलावर, जागेवर बस जा. मी उगाच काहीबाही बोललो सकाळी."

मी निघताना पॅकिंगच्या खोलीवरून गेले. आठ बायका पाकिटं सील करत होत्या. प्रत्येक पाकिटावर अण्णा मिशीला पीळ देऊन 'मी रोज खातो' म्हणत होते, आणि आठही जणी गंभीर चेहऱ्यानं त्यांना खोक्यात भरत होत्या.

"नरसम्मा, कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"दिवाळीपासून, अक्का."

"कोणाला बोलला नाहीत?"

"कशाला बोलायचं?" तिनं सीलची मशीन दाबली. "दुखणं हाय त्ये. सांगायची गोष्ट हाय का? उशी मी शिवली. कव्हर हिनं," शेजारणीकडे बोट दाखवत ती म्हणाली.

पोटात काही राहत नाही म्हणे! कॉम्प्युटरनं दोन मिनिटांत तिन्ही खोल्यांत पोचवलं, ते या आठ बायकांनी महिनोन्महिने कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. एकवीस वर्षांत इतकं पक्कं सेटिंग मी कुठल्याच ऑफिसात करून दिलेलं नाही.

अण्णांचं ऑपरेशन पुण्यात झालं, कोणाला न कळता. परत आले तेव्हा गेटवर आठ जणी उभ्या होत्या. "गावाला गेलता व्हय, अण्णा?" नरसम्मानं विचारलं. "व्हय," अण्णा म्हणाले. आता ते पुन्हा कांडप यंत्राशी उभे राहून चिमूटभर चटणी जिभेवर ठेवतात. चिमूटभरच.

हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. म्हणाले, "लिहा, पण गाव बदला, माल बदला आणि दुखणं बदला." तिन्ही बदललीयत. मागे मी हाच किस्सा आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मेळाव्यात सांगितला होता, असाच सगळं बदलून. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या तीन गिऱ्हाइकांचे फोन आले. तिघंही तेच म्हणाले: "ताई, माझं नाव घेतलं नाहीत, लई बरं केलं."