रिकाम्या गावातली हाक

"साहेब, भरदुपारी खाली जाऊ नगा," माझा पट्टेवाला रामा म्हणाला. "गावात कोन तरी बोलतंय."

"गावात कोणी राहिलंच नाही, तर बोलणार कोण?" मी खेकसलो.

लढाईच्या काळातली गोष्ट. औंधच्या पूर्वेला, माणदेशात, एका सरकारी तलावावर मी ओव्हरसीअर होतो. बांध पुरा झाला होता. बांधाच्या आतल्या अंगाचं गाव बुडीतात होतं, म्हणजे पाणी चढलं की त्याखाली जाणारं. माणसं माळावरच्या नव्या वसाहतीत नेली होती. आता गेट टाकून पाणी अडवायचं, एवढंच उरलं होतं. त्याआधी गाव रिकामं आहे का, ते मी बघायचं होतं.

रामा वेशीतच थांबला. मी आत शिरलो. लोकांनी दारं, चौकटी, तुळया, सगळं उपसून नेलं होतं. उरल्या होत्या नुसत्या भिंती. कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि खरंच आवाज आला.

"नाना, हायसा न्हवं घरात? आवं, बोला की."

मग शांतता. उत्तराची वाट पाहावी एवढी. मग पुढच्या घरापाशी तोच आवाज. "काकू, माजं चुकलं."

परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आवाजाच्या रोखाने गेलो.

वळणावर एका पडक्या घरापुढे म्हातारा हात जोडून उभा होता. गणू आबा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. मुलगा पलटणीत, सून दिवसभर कालव्यावर खडी फोडायला. पायाच्या सवयीने तो एकटाच माळ उतरून आला होता.

"आबा, इथं काय करताय?"

"माफी मागतुया. जमीन द्यायला पयला अंगठा म्या दिला. म्हून गावानं मला वाळीत टाकलं, माळावर हाकललं. सून म्हनती, समदा गाव उठला. खोटी समजूत घालती पोर, दुसरं काय!"

वाळीतला माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाही, म्हणून तो अंगणातूनच हाका मारत होता. मी त्याला धरून नानांच्या घरापाशी नेलं. त्याने चाचपलं. ना दार, ना चौकट. आत पाऊल टाकलं, तर डोक्यावर ऊन तसंच.

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

"मंजी माज्यावर राग न्हाई कुनाचा!" म्हातारा हसला आणि हसता हसता रडायला लागला.

वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. आबाचं घर पार टोकाला, ओळखीचा आवाज जवळ नाही. मी माझ्या वरच्या इंजिनिअर साहेबांना म्हटलं, "निदान नानांचा प्लॉट त्याच्याशेजारी द्या."

"आपण तलाव बांधतो, शेजार नाही," साहेब म्हणाले. "गेट टाका."

गेट पडलं. दुसऱ्या दिवशी मी आबाला नानांच्या नव्या घरी नेलं. त्याने आनंदाने हाक मारली. उत्तर नाही. दाराला कुलूप होतं. जमीन गेली, तसे नाना कुटुंब घेऊन पोटामागे कराडकडे गेले होते. शेजारच्या घरांचीही तीच तऱ्हा. मी ते समजावून सांगितलं.

आबाने ऐकून घेतलं. मग दाराला कान लावला.

"आत हाईत, साहेब. मला बघून गप बसल्यात."

पाणी चढू लागलं, तशी सून कामावर जाताना त्याला आत ठेवून बाहेरून कडी घालू लागली. दुसरं काय करणार बिचारी? दुपारी तिकडून जाताना आतून नानांच्या नावाने हाक यायची. मी पाय उचलायचो.

पुढच्या तलावांवर मी साहेबांशी भांडून चिठ्ठ्या टाकू दिल्या नाहीत. शेजाऱ्याला शेजारी ठेवला. कुलपं तिथंही लागली.