मामांची खुशाली

“बाईनं इचारलंय की! मग सांगाय नको?”

आमच्या फौंड्रीच्या ऑफिसात मामा असं म्हणाले, की जर्मनीतल्या आमच्या गिऱ्हाईक बाईंना पुन्हा लांबलचक उत्तर गेलंय, हे समजून घ्यायचं. म्हणताना चष्मा कपाळावर चढवायचा आणि मोबाईल छातीशी धरायचा, जणू मी तो हिसकावून घेणार आहे. मामा जाऊन महिना झाला. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही.

मामा मुरगूडचे, सगळ्या ऑफिसचेच मामा. माल गाडीत भरून रवाना करायचं काम त्यांचं, आणि माल पोचेपर्यंत परदेशी गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचं कामही त्यांचंच. या दुसऱ्या कामाचा त्यांना भारी अभिमान. इंग्रजी दहावीपुरतं, हिंमत मात्र एम.ए.ची. बाई रोज सकाळी लिहायच्या, ‘गुड मॉर्निंग, हाऊ आर यू?’ आणि मामा खरंच सांगायचे. म्हैस व्याली, रेडी झाली. गुडघा धरलाय. ऊस अजून शिवारात उभा आहे, तोडणी टोळीचा पत्ता नाही. तुमच्या घरचे बरे आहेत ना? कंटेनरचा नंबर सगळ्यात शेवटी.

तुम्ही कोल्हापुरात राहिला असाल तर म्हणाल, यात वावगं काय? इथे रस्त्यात कुणी ‘बरं हाय का?’ विचारलं, की माणूस गाडी स्टँडवर लावून बोलायला लागतो.

पण एक दिवस मालकांनी ते मेसेज वाचले आणि लालबुंद झाले. “ह्यो धंदा हाय का जनावरांचा बाजार? पुन्हा असलं काय गेलं तर मोबाईल काढून घेईन!”

मामांचा चेहरा एवढासा झाला. ऑफिसचा पत्रव्यवहार माझ्याकडे, म्हणून माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “म्याडम, तेवढं काम ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. कसं ल्ह्यायचं त्ये शिकवा, तसंच ल्हितो.”

मी शिकवलं. “मामा, इंग्रजीत तो प्रश्न नसतो, नुसता नमस्कार असतो. काहीही झालं तरी ‘फाईन, थँक्यू. अँड यू?’ एवढंच.”

“काय बी झालं तरी?”

“काहीही.”

विद्यार्थी फारच गुणी निघाला. ऑफिसातही त्यांनी तेच सुरू केलं. कुणी “काय मामा, बरं हाय का?” म्हटलं, की ऐटीत “फाईन, थँक्यू!” हसून हसून आमची मुरकुंडी वळायची.

त्या मंगळवारी सकाळी त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. पंख्याखाली बसून खांदा चोळत होते. मी विचारलं, “मामा, बरं वाटत नाही का?”

“फाईन, थँक्यू. अँड यू?”

मी हसले. हो, हसले, आणि चहा आणायला गेले. परत आले तर मामा टेबलावर कलंडलेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “सकाळपासून छातीत दुखत असणार. कुणाला बोलले नाहीत?” गुडघ्याचं दुखणं जर्मनीपर्यंत कळवणारा माणूस! त्याला गप्प बसायला मी शिकवलं होतं.

दोन दिवसांनी मामांकडचा ऑफिसचा मोबाईल माझ्याकडे आला. मामा गेल्याचं मी बाईंना कळवलं. ‘सॉरी फॉर युवर लॉस,’ लगेच उत्तर आलं. यावर ‘थँक्यू’ लिहायचं असतं, हे मला ठाऊक होतं. लिहिलं आणि पुसलं. दुखवट्याला आलेल्या माणसाला आपल्यात कुणी थँक्यू म्हणतं का?

तेवढ्यात फोनच वाजला. बाई होत्या. थांबत थांबत त्यांनी विचारलं, “माझं काही चुकलं होतं का? गेले तीन महिने ते माझ्याशी धड बोलतच नव्हते. रागावले होते का?”



“तुमचं नाही,” मी म्हणाले, “माझं चुकलं.”