शिकवलेली साक्ष

माझा धाकटा भाऊ भिलाईत ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. कारखाना तेव्हा उभा राहत होता. एका दुपारी ट्रक मागे घेताना गिट्टी वाहणारी एक बाई चाकाखाली आली आणि जागीच गेली. भाऊ ट्रक तिथेच टाकून घरी पळाला. पोलिसांना म्हणाला, मी तापाने घरी होतो, ट्रक क्लीनरने चालवला असेल.

घरच्यांशिवाय कोणी साक्षीदार हवा होता. मी शेजारणीकडे गेले. ती भंडाऱ्याकडची, माझ्याहून लहान.

"दिवसभर तो बाजेवर होता, तू पेज नेऊन दिली, इतकंच सांगजो."

"पन शपथ घ्या लागते ना, बाई?"

"त्याचं पाप माह्यावर. तू कावून भिऊन राहिली?"

आठ दिवस तांदूळ निवडता निवडता मी तिला शिकवलं. मीच वकील व्हायची, उलटसुलट विचारायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी ती स्वतः कुठे होती, हे मात्र मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दुर्गच्या कोर्टात ती न अडखळता सगळं बोलली. मग सरकारी वकिलाने दवाखान्याचं रजिस्टर पुढे केलं. त्या दिवशी ती तापलेल्या लेकराला घेऊन संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होती. खाली तिचा अंगठा होता.

"ये बात तुमको किसने सिखाई?" जज्जसाहेबांनी विचारलं.

मी बाकावर बसले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "कोई नहीं, साहब."

भावाला शिक्षा झाली. तिच्यावर खोट्या साक्षीचा वेगळा खटला चालला, तीन महिने तुरुंग. त्याही दिवशी मी कोर्टात होते. उठून बोलता आलं असतं. घरी आले आणि भात टाकला.

तिच्या नवऱ्यासाठी डबा घेऊन गेले, तर त्याने दारातच हात आडवा केला. "घरी जा तुमी," एवढंच म्हणाला. दीड वर्षाचं लेकरू आजीकडे गावी पाठवलं होतं. ती सुटून आली तेव्हा आजी त्याला घेऊन आली, पण ते तिच्याजवळ जाईना. अंगणात ती त्याला हाका मारायची, ते आजीच्या लुगड्यामागे लपायचं. मी खिडकी लावून घेतली. पुढच्या आठवड्यात ते सगळे भिलाईतच, मरोद्याला राहायला गेले.

मेलेल्या बाईचं गाव कोणतं, तिच्यामागे कोण होतं, हे मी कधीच कोणाला विचारलं नाही.

भाऊ सुटून आला तेव्हा शेजारच्या कुलपाकडे पाहून म्हणाला, "हे लोक कुठी गेले?"

"बदली झाली त्यायची," मी म्हटलं.