भाव न करणारी निर्मला

मनोहर भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दुकानात लोकरीच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. "ताई, निर्मला वारली..." एवढंच म्हणाले. माझा विश्वास बसेना. माझी ही मैत्रीण भाचीच्या लग्नाला अमळनेरला जाते असं सांगून सिल्वासातून निघाली होती. ती लग्नाला नाही, सुरतेच्या दवाखान्यात गेली होती, हे मला तिच्या मरणाच्या बातमीसोबतच कळलं. तो राग अजून उतरलेला नाही, आणि तो झाकून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

मी या गावात आले ती टोपलीतून बटणं नि लेस विकत. भाव केल्याशिवाय मी भाजीची जुडीही उचलत नाही. निर्मलाचा नवरा, म्हणजे हेच मनोहर भाऊजी, जवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात नोकरीला. ती पहिल्यांदा दुकानात आली, मी सांगितलेल्या भावाला मान हलवली आणि लोकर पिशवीत टाकली. मीच चिडले. "अहो, दोन शब्द तरी बोला. मी चढवून सांगितलाय."

"माले नाही जमत ताई," ती म्हणाली. "तुम्हीच माझ्या बाजूनं कमी करा ना."

तेव्हापासून तिच्या बाजूनं मी माझ्याशीच भांडत आले.

दुपारी ती दुकानात स्टुलावर बसून क्रोशानं विणायची. तोरणं, रुमाल, पण जास्त करून बाळांची टोपडी. आसपासच्या गावांतली, गलोंड्याची, रांध्याची, कुठलीही पोटुशी बाई दिसली की हिचं टोपडं सुरू. मी काचेतलं टोपडं विकायला काढावं, तर ही गिऱ्हाइकाच्या हातात फुकट ठेवून मोकळी.

"माझं दुकान बसवणार आहेस तू," मी ओरडायचे. "वाटतेस कशाला? मला विकायला दे."

"विकायचं म्हटलं की हात आखडतो ताई. कोणाच्या डोक्यावर जाणार ते ठाऊक असलं, की बरं विणलं जातं."

बाराव्याला मी भाऊजींना सगळ्यांसमोर विचारलंच, मला का नाही सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "तीच म्हणाली. ताईंना सांगू नका, त्या डॉक्टरशीही घासाघीस करतील."

बायका पदराआड हसल्या... मला हसू आलं नाही. केलीच असती घासाघीस. दोन वर्षं मागितली असती, नाही तर एक, तेही नाही तर निदान एक दिवाळी. जन्मभर दोऱ्याच्या रिळांसाठी भांडले, आणि जिथं भांडायचं तिथं मला कोणी बोलावलंच नाही.

निघताना भाऊजींनी तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत सुई, पिवळी लोकर आणि अर्धं टोपडं. क्रोशाचं सगळं काम शेवटच्या एका फासावर उभं असतं. तो सुटून दोरा ओढला गेला, की होतं नव्हतं ते उसवतं. दवाखान्यातल्या खाटेवर तिनं त्या फासाला सेफ्टी पिन लावून ठेवली होती... पुन्हा हातात घ्यायचं म्हणून.

शेजारची मुलगी म्हणाली, "मावशी, द्या, मी पुरं करते." मी दिलं नाही. दुसऱ्याचा हात कळतो. आणि हे कोणाच्या बाळाचं, ते निर्मलालाच ठाऊक होतं. टोपडं आता गल्ल्यावरच्या फळीवर आहे. गिऱ्हाइकं पिवळा रंग पाहून किंमत विचारतात, आणि मला काही सांगता येत नाही. शटर ओढण्याआधी ती पिन नीट लागलेली आहे ना, एवढं मात्र बोटांनी चाचपून बघते.