वजीरभाईंनी बसवलेला कूलर

दौंडच्या संपतरावांना फसवणं सोपं नव्हतं, कारण त्यांनी तशी कुणाला संधीच दिली नव्हती. उभी नोकरी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून काढलेली. गाडी थांबली की खाली उतरायचं, चाकापाशी उलटा हात लावायचा आणि कुठं काही तापलंय का ते बघायचं. सांगणारा काहीही सांगो, हात खोटं बोलत नाही, एवढं एक तत्त्व. नोकरी संपली, पण हात काही निवृत्त झाला नाही. दुधाची किटली, विजेचा मीटर, शेजाऱ्याचा नवा पंप, सगळीकडं तो पोचायचा. लग्नाची पत्रिका आली तरी हे विचारणार, "आपल्यालाच का बोलावलं असंल?" अशा माणसाबरोबर अनिताबाईंनी संसार केला, याचं कौतुक मात्र गावानं कधी केलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी टर्बो डिझेल व्हॅन घेतली आणि आत पलंग, ओटा, शेगडी असं चालतं घर थाटलं. कोकण बघायची हौस अनिताबाईंची. नवरा सगळा मुलूख फिरला, तोही इंजिनात बसून. बाईंनी दौंडबाहेरचं फारसं काही पाहिलंच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात निघाले तर खंबाटकीच्या चढाला इंजिनाचं तेल इतकं तापलं की तिथूनच परतावं लागलं. यंदा बाईंनी सांगून टाकलं, "औंदा माघारी फिरलो तर ही गाडी मी इकून टाकीन." ती चेष्टा नव्हती, हे संपतरावांना पक्कं कळलं होतं.

तेल थंड ठेवायला ऑइल कूलर बसवावा, असं ठरलं. त्यासाठी ज्याला विचारावं तो शिरूरच्या वजीरभाईंचं नाव घेई. सगळ्यांनी एकच नाव घ्यावं, हेच संपतरावांना खटकलं. तरी बाईंना घेऊन गेले. दिवसभर गॅरेजात स्टूल टाकून, डोळ्यांत तेल घालून बसले. वजीरभाईंनी तेलाचा फिल्टर काढला, त्याच्या मागं एक जाडजूड चकती बसवली, तिच्यातून दोन होस पाइप पुढं नेले आणि समोरच्या जाळीमागं कूलर टांगला. तेल भरून, इंजिन चालू करून, खाली वाकून प्रत्येक जोड तपासला.

"मामा, कूलर लगीच गरम लागायचा न्हाई," ते हात पुसत म्हणाले. "ह्या चकतीत झडप हाय. तेल चांगलं तापल्याबिगर ती उघडत न्हाई."

संपतरावांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. कूलर गार लागणार, हे हा बाबा आधीच का सांगून ठेवतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शिरूरहून निघाले. दौंडला सामान भरायचं आणि सरळ कोकण. थंडीचे दिवस, सपाट रस्ता, रिकामी गाडी. न्हावऱ्याला थांबले. अनिताबाईंनी आत चहा ठेवला, आणि संपतराव गपचूप पुढं गेले, जाळीतून हात घातला. कूलर माठासारखा गार! झालं. म्हणजे यात तेल जातच नाही, नुसता डबा टांगून दिलाय. त्यांनी पाना काढला आणि होसचा नट थोडा ढिला केला. तेलाचे थेंब आले. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. हे म्हणाले, दाखवायला भरलं असंल. जास्त आवळला तर आटे जातील या भीतीनं नट जेमतेम आवळला, हात विजारीला पुसला आणि निमूट चहा प्यायला गेले.

पुढं ऊन वर आलं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. एकेक ओलांडताना इंजिनाला जोर लागला, तेल तापलं, आणि वजीरभाईंनी सांगितल्याप्रमाणे झडप उघडली. गरम तेल दाबानं कूलरकडं निघालं आणि ढिल्या नटातून बाहेर पडलं. तेलाचा लाल दिवा लागताच संपतरावांनी इंजिन बंद केलं. ड्रायव्हर म्हणून माणूस अस्सल. पण खाली रस्ता काळा झाला होता. अनिताबाई उतरल्या, बघितलं आणि "झालं?" एवढंच म्हणाल्या.

संपतरावांनी फोनवर वजीरभाईंना चारचौघांत सोलून काढलं. ट्रॉलीवाले थांबून ऐकत होते. वजीरभाई मोटरसायकलवर तेलाचा कॅन बांधून आले आणि गाडीखाली शिरले.

काम झालं की प्रत्येक नटावरून खालच्या जोडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, ही त्यांची रीत. नट हलला की रेघ तुटते. काल संपतरावांना ती दिसली होती, रंगाचा डाग वाटला होता. आता तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून होते, आणि वाकून बघणाऱ्या संपतरावांना ती कशाची रेघ ते आता कळलं. वजीरभाईंनी रेघेकडं पाहिलं, मग संपतरावांच्या विजारीवरच्या तेलाकडं.

"कुणाची चूक म्हणायची ही?" अनिताबाईंनी विचारलं.

वजीरभाईंनी फडक्यानं रेघ पुसून टाकली. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवला नाही. "माझीच, मामी. नट ढिला ऱ्हायला."

"म्हंजी ह्येंचंच खरं!" बाई कडाडल्या. "आन् मी आपली ह्येंनाच नावं ठिवते, लोकांवर इस्वास टाका म्हणून. एवढं तुमचं नाव, आन् असली कामं?"

हे वाक्य ऐकायला संपतराव जन्मभर आसुसले होते. आज ते मिळालं, तर घशाखाली उतरेना. ट्रॉलीवाले एकमेकांना म्हणत होते, शिरूरच्या वजीरकडं गाडी द्यायची सोय नाही आता. वजीरभाई मान खाली घालून नट आवळत होते.

"नट मी खोलला," संपतराव म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "मी खोलला, न्हावऱ्याला! तू च्या करत व्हतीस तवा. त्यानं काम चोख केलंय."

"आन् खोलला कशापायी?"

"गार लागला म्हणून."

एक ट्रॉलीवाला खो खो हसला. अनिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी वजीरभाईंना हात जोडले आणि गाडीत जाऊन बसल्या. मग खिडकीतून त्यांचा आवाज आला, "तेल भरा, वजीरभाई. आम्ही कोकणात चाललोय. आन् ह्येंचा पाना तेवढा शिरूरला घिऊन जावा, परत येताना नेऊ."

संपतरावांनी तो पाना आजवर सख्ख्या भावालाही उसना दिला नव्हता. वजीरभाईंनी तो घेतला, पुसला आणि खिशात घातला.